धाब्यावरचे दात

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "जळगावला गेला होतात म्हणे, सोनं घेतलंत की नाही?" मी खरं ते सांगते, की मी दात आणायला गेले होते, आणि तोही दुधाचा. मग समोरचा माणूस हवापाण्याचं बोलायला लागतो. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं नीट लिहूनच काढावं.

माझा धंदाच असा आहे की चारचौघांत सांगायची सोय नाही. मूळची मी चिपळूणची. पुण्यात दातांच्या कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात पेशी वाढवते. दाताच्या मुळावर बाहेरून एक पातळसा थर असतो, त्याच्यामुळे दात जबड्यात घट्ट बसतो. हा थर बांधणाऱ्या पेशी आणि त्यांच्या शेजारीच जबड्याचं हाड बांधणाऱ्या पेशी, यांच्यात नेमका फरक काय, हे शोधण्यात माझे केस पांढरे झाले. दोघी भिंतीला भिंत लावून राहतात, दिसतात सारख्या, जनुकं तर तीच, कारण अंगातल्या सगळ्याच पेशींत ती तीच असतात. पण त्यातली कोणती जागी ठेवायची आणि कोणती झोपवायची, यावर दोघींचं एकमत नाही. आमचे हे म्हणतात, "दोन जावांच्या भांडणात आयुष्य घालवलंस तू." म्हणू देत.

तर अशात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, जळगावात तिचा दवाखाना आहे. "मॅडम, तुमच्या कामाची पोरगी आलीय. चार वर्षांची पण नाही, आणि दात पडतायत. अख्ख्या मुळासकट."

मी हातातला चहा खाली ठेवला. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचं मूळ आतल्या आत विरघळून गेलेलं असतं, हातात येते ती नुसती टोपी. मुळासकट दात पडतो याचा अर्थ त्याला धरून ठेवणारा थर बसलेलाच नाही. रक्तात एक विशिष्ट द्रव्य कमी असलं की असं होतं, आणि वैशालीनं तपासलं होतं, ते कमीच होतं. आता यात दोन तऱ्हा असतात. काहींचे नुसते दात जातात. काहींची हाडंही कच्ची राहतात. या पोरीची तऱ्हा कोणती, ते अजून कळायचं होतं.

"आणखी एक दात हलतोय," वैशाली म्हणाली. "आठवडाभरात पडेल."

हे ऐकल्यावर मी कसली पुण्यात बसते! त्या मुळावरच्या जिवंत पेशी मला हव्या होत्या. दात पडल्या पडल्या माझ्या गार बाटलीतल्या गुलाबी पाण्यात गेला पाहिजे, नाहीतर पेशी मरतात. लोकांना सांगून पाठवायला लावायचा प्रयोग मी पूर्वी करून बसले आहे. एकानं दात स्पिरिटमध्ये बुडवून पाठवला, आणि एका भाविक बाईंनी चक्क तुळशीच्या पाण्यात. म्हणून बाटली घेतली, बर्फाचा डबा घेतला, स्वेटर घेतला आणि निघाले.

जळगाव

जानेवारी होता. खानदेश म्हणजे भट्टी असं ऐकून गेलेली मी पहाटे स्टेशनाबाहेर काकडत उभी होते. वैशाली स्कूटरवर न्यायला आली. "मॅडम, थंडीचं सांगू नका कुणाला, आमची उन्हाची प्रसिद्धी जाईल," म्हणाली. वाटेत हातगाड्यांवर केळ्यांचे घड असे लटकलेले की आमच्याकडे लग्नाच्या मांडवालासुद्धा कुणी इतके बांधत नाही.

दवाखान्यात ती तिघं आधीच येऊन बसली होती. जामनेरजवळच्या एका खेड्यातनं आलेला समाधान, त्याची बायको ज्योती, आणि ज्योतीच्या कडेवर ईश्वरी. पोरगी मोठी गोड. दोन वेण्या, डोळ्यांत काजळ, आणि हसली की खालची पुढची खिडकी सताड उघडी. मी तिला खुर्चीत बसवा म्हटलं, तर ज्योती तिला घेऊनच खुर्चीत बसली.

तपासताना माझ्या हाताला पोरीचे पाय लागले आणि मी थबकले. खेड्यातलं चार वर्षांचं पोर, शेतकऱ्याच्या घरचं, आणि तळवे बारशाच्या बाळासारखे! मऊ, गुलाबी, एक ओरखडा नाही.

"ही चालत नाही का?" मी विचारलं.

"चालती ना," समाधान म्हणाला आणि त्यानं बायकोकडे बघितलं.

ज्योतीनं सांगितलं ते असं. पहिला दात पडला तेव्हा गावातली एक बाई म्हणाली, दात म्हणजे हाडच की. आज दात गळतात, उद्या हाडं गळतील. झालं. त्या दिवसापासून ज्योतीनं पोरीला खाली सोडलंच नव्हतं. अंगणवाडीत कडेवर, शेतात कडेवर, देवळात कडेवर. घरात चालली तर गोधडीवर, तेही हात धरून. पळणं, उडी मारणं, झाडावर लोंबकळणं, सगळं बंद. तिची स्वतःची कंबर एका बाजूला कलली होती.

"मॅडम, एवढंच सांगा," ती म्हणाली. "हिची हाडं बी अशीच पडतीन का?"

मला चटकन "नाही" म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण हाडांचे फोटो काढल्याशिवाय कसं सांगणार? मी म्हटलं, "दात आणि हाड एक नाही, बाई. धुळ्याला लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर आहेत, वैशालीच्या ओळखीचे. परवा जाऊ. तोवर मी तुमच्याकडे येते, हलणारा दात बघायला." धुळ्याच्या नावानं ती जरा खुलली, कारण पुढे नरडाण्याजवळ तिचं माहेर होतं.

रात्री वैशालीकडे शेवभाजी होती. आमच्या कोकणात भाजीत नारळ घालतात, पुण्यात गूळ घालतात, इथं रस्स्यात शेव घालतात आणि वर तर्री अशी की माझे कान गरम झाले. मी पाणी प्यायले, नाक पुसलं आणि आणखी वाढून घेतली.

जामनेरच्या वाटेवरचं गाव

समाधानचं घर धाब्याचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरतात, हिवाळ्यात त्यावर मिरच्या वाळवतात, उन्हाळ्यात त्यावर झोपतात. आमच्याकडे उतरती कौलं, त्यावर मांजरसुद्धा नीट बसू शकत नाही. मला ते धाबं फार आवडलं.

दारात समाधानचे वडील उभे होते. त्यांना सगळे आबा म्हणत, समाधानच्या आईला अक्का. आबा सत्तरीचे, काटकुळे, मिशा भरघोस, आणि दातांची रांग इतकी सरळ की कवळी आहे हे मला रस्त्यावरूनच कळलं. त्यांनी हात जोडले आणि चहाच्या आधीच निकाल देऊन टाकला. "मॅडम, आमच्या खानदानात असं कोनाचंच नाही. हे नरडान्याकडचं पानी आहे."

ज्योती चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. मला इतका राग आला ना! पण पाहुणी होते, आणि मागच्या अंगणात वांगी भाजायला सुरुवात झाली होती.

भरिताबद्दल लिहायलाच हवं. हिरवी, मुलाच्या डोक्याएवढी वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात, सोलतात, आणि लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचतात. वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. आमच्याकडे वांग्याचं भरीत म्हणजे दह्यात बुडालेलं काहीतरी आजारी माणसाचं खाणं. इथं ते जेवण नसून समारंभ असतो. मी किती पुऱ्या खाल्ल्या ते विचारू नका.

जेवायला बसण्याआधी मी सगळ्यांना बाटली दाखवून भाषण दिलं होतं. दात पडला की कुणी हात लावायचा नाही, पुसायचा नाही, मला हाक मारायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांनी तर सगळ्यांत जास्त डोलावली. ईश्वरी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातलं खात होती.

मी हात धुवायला मोरीकडे गेले, आणि मागे एकच गलका झाला. धावत आले तर आबा अंगणात गोठ्यापाशी उभे, उजवा हात शेणानं बरबटलेला, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद.

"पडला!" ते म्हणाले. "अन् फेकला बी! बराबर मधोमध गेला!"

"काय फेकलंत?"

"दात. शेनाच्या गोळ्यात घालून. उंदीरमामाले."

"अहो आबा, बाटली!"

"हां, बाटली." आबांनी क्षणभर विचार केला. "ते बाटलीचं मंग करू म्हटलं ना. आधी पोरीले नवा दात तं मागून घ्या."

मी डोक्याला हात लावला. आमच्या चिपळुणातही दात छपरावर फेकतात हो. उंदरा, जुना घे, नवा दे. पण आमची कौलं उतरती, फेकलेला दात पहिल्या सरीत घरंगळत परत अंगणात येतो, आणि उंदीर काही तिथं तो घ्यायला थांबत नाही. शेणात गुंडाळलेल्या दातावरच्या पेशींचं काय होणार ते सांगायला नकोच. माझा प्रवास, माझा बर्फ, सगळं त्या एका गोळ्यात गेलं. तरी म्हटलं, पेशी नाहीत तर नाहीत, निदान मूळ तरी डोळ्यांनी बघू.

"शिडी आणा," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही?" वैशाली किंचाळली.

शिडी आणली. माझ्या आधी आबा सरसर वर गेले, मग वैशाली, मग खालून समाधानच्या आणि वरून आबांच्या आधारानं देवाचं नाव घेत मी. वर वाळत घातलेल्या मिरच्यांनी शिंका सुरू झाल्या. गोळा कुठे दिसेना. पाण्याच्या पन्हाळीकडे धाब्याला जरा उतार होता आणि तिथं गाळ साचून घट्ट झाला होता. गोळा तिथंच गडगडत जाऊन बसला होता. मी तो फोडला. दात निघाला, अख्ख्या मुळासह, मूळ गुळगुळीत. थर नव्हताच.

आता खाली उतरायचं तर वैशालीची नजर त्या गाळावर. "मॅडम, हे काय?" तिनं नखानं टोकरलं. आणखी एक दात. जुना, पिवळट, मातीत रुतलेला. मी अक्कांकडे चाळणी मागितली. अक्कांनी "चाळनी कशाले?" म्हणत वर दिली, आणि आम्ही दोघी त्या धाब्यावर बसून तो गाळ चाळू लागलो. खाली शेजारपाजार जमा झाला होता. पुण्याची डॉक्टर धाब्यावर बसून माती चाळते, हे दृश्य त्या गावात बरेच दिवस पुरलं असणार.

दात मिळाले. लहान, दुधाचे, आणि जो निघाला तो अख्ख्या मुळाचा.

"आबा," मी म्हटलं, "या घरात लहानाचं मोठं कोण कोण झालं?"

"आधी मी. मंग समाधान. मले भाऊ नाही, त्याले बी नाही." आबा माझ्या तळहाताकडे बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं. अंगणात सगळे माना वर करून उभे होते, कडेवर ईश्वरीला घेतलेली ज्योतीसुद्धा.

बोलल्या त्या अक्का. खालूनच, आबांकडे बोट दाखवत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "समाधानचे बी असेच लवकर पडले व्हते. मले आठवते ना! यायले किती आनंद! पोरगं हुशार आहे, घाईचं आहे, म्हनून गावात साखर वाटली व्हती यायनं."

मग ज्योती बोलली, आणि त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलली असावी. "त्यांचे पडले तं साखर. माझ्या पोरीचे पडले तं पानी खराब."

आबा हळूहळू शिडी उतरले. खाली येऊन खाटेवर बसले आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माह्ये पुढचे दात लगनाच्या आधीच गेले व्हते. आम्ही तंबाखूवर नाव घातलं." मोठ्या माणसानं सुनेपुढे चुकलो म्हणायची आपल्याकडे कुठेच रीत नाही, खानदेशातही नाही. पण थोड्या वेळानं त्यांनी ज्योतीला हाक मारली. "परवा नरडान्याहून येशीन तवा तिकडचं पानी आन एक बाटली. मी पेईन." ज्योतीनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, मला ठरवता आलं नाही. माझं म्हणाल तर मी सरळ रडत होते, आणि मिरच्यांवर ढकलत होते.

संध्याकाळी अक्का उडदाचे पापड भाजत होत्या आणि ज्योती माझ्याजवळ येऊन बसली. "पाण्याचं मिटलं," ती म्हणाली. "पन हाडांचं?"

मी म्हटलं, "आबांना विचार, त्यांचं हाड कधी मोडलं का."

"एकदा बैलगाडीवरून पडलो व्हतो," आबा खाटेवरून म्हणाले. "खालचं मडकं फुटलं."

सगळे हसले, पण ज्योतीच्या कपाळावरची आठी गेली नाही. मग मला अक्कांच्या हातातला पापड दिसला. मी म्हटलं, "अक्का, भाजीत मीठ कमी पडलं तर काय करता?"

"वरून घालतो. दुसरं काय?"

"आणि पापडात कमी पडलं, तेही लाटून वाळवल्यावर कळलं तर?"

"मंग काय, गेले पापड."

"हां. हिच्या अंगात एक मीठ जन्मापासून कमी आहे. हाडाच्या पेशी रोज जुनं काढतात, रोज नवं घालतात, त्यांना वरून घालून घ्यायला वेळ मिळतो. दाताच्या मुळावरच्या पेशींचं काम पापडाचं. एकदा लाटलं की झालं. मीठ दोघींना लागतं, डबा दोघींचा एकच, पण कमीजास्त सांभाळून घेणं एकीलाच जमतं. म्हणून दात गेले म्हणजे हाडं जातीलच, असं नाही."

अक्कांनी पापड उलटला. "म्हंजे पोरीची भाजी चांगली असू शकते."

"असू शकते. उद्या बघू."

इतकी वर्षं मी कॉलेजात हे शिकवते आहे, पण इतकं लवकर कुणाला कळलं नव्हतं. मात्र "असू शकते" या शब्दावर आईचं पोट भरत नाही, हेही मला दिसत होतं. ज्योतीनं झोपलेल्या ईश्वरीला उचललं आणि दोन पावलांवरच्या गोधडीपर्यंतसुद्धा छातीशी धरून नेलं.

धुळे, आणि पुढे नरडाणा

धुळ्याचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत, आणि पुण्याच्या माणसाला त्याचा हेवा वाटतो. डॉक्टरांनी मनगटाचे आणि गुडघ्याचे फोटो काढले. पोरगी शहाण्यासारखी बसली. ज्योती बाहेर बाकावर बसली होती आणि समाधान उभा. त्यानं सगळा वेळ मोबाईल हातात धरला होता, पण त्याचा पडदा काळाच होता.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावून फोटो उजेडावर धरला. मी आधी बघितला आणि गुपचूप श्वास सोडला. कडा स्वच्छ, हाड भरलेलं, वाढीच्या रेषा हव्या तशा.

"झकास हाडं आहेत," डॉक्टर म्हणाले. "वर्षातनं एकदा दाखवत जा. दातांचं वैशालीताई बघतील, पुढे जपावं लागेल. कुणी सांगितलं म्हणून मनानं ताकदीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. बाकी पळू द्या, खेळू द्या, पडू द्या."

समाधाननं डोळे पुसले आणि उगाचच बाहेर गाडी बघायला गेला. ज्योतीनं मान डोलावली, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"अगं, आत्ता काय म्हणाले ते?" मी चिडलेच.

"हो ना मॅडम. ऐकलं ना मी." आणि तशीच पायऱ्या उतरली. सवय काही हाडाच्या फोटोनं जात नाही. वैशालीनं माझा दंड दाबला म्हणून मी गप्प बसले.

नरडाण्याकडे जाताना एका बाजूला कारखान्यांच्या शेडी, दुसऱ्या बाजूला वेचून झालेल्या कपाशीच्या उभ्या काड्या. ज्योतीच्या माहेरच्या दारात गाडी थांबली, आणि खाली उतरता उतरता त्या बाईची भाषाच बदलली. सासरी ती तिकडची बोलत होती, इथं पाय ठेवला आणि अहिराणी वाहायला लागली. "कसा शेतस नाना?" तिनं वडिलांची खुशाली विचारली. नाना म्हणजे गोरेपान, ठेंगणे, मोठ्या आवाजाचे. त्यांना सगळं फोनवर कळलेलं होतं, पाण्याचंसुद्धा. त्यांनी आधी ऊस घेतला, दातांनी सोलला, कडाकडा चावला आणि मग माझ्यासमोर जबडा उघडला. "देखा डॉक्टरीणबाई, बठ्ठा दात मनाच शेतस!" सगळे दात स्वतःचेच आहेत म्हणे, म्हणून मी खरोखरच दिवा लावून बघितले. एकही हलत नव्हता.

"नाना, आबांनी इथलं पाणी मागवलंय," मी म्हटलं.

"एक बाटली? मी टँकर धाडस!" नाना म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरापुढे मोठं खळं होतं, काळ्या मातीचं, झाडून लख्ख केलेलं. शेजारची पोरं तिथं शिवाशिवी खेळत होती. ईश्वरी आईच्या कडेवरून बघत होती. ती हट्ट करत नव्हती, मला त्याचंच वाईट वाटलं. चार वर्षांच्या पोरीनं खेळ बघून हट्टसुद्धा करू नये? ती नुसती पायाची बोटं हलवत होती, कुणी पळालं की बोटं हलायची.

ज्योतीला ते दिसलं. तिनं खाली बघितलं, त्या बोटांकडे. मग ती खळ्याच्या कडेला गेली, वाकली, आणि पोरीला मातीत उभं केलं. हात मात्र सोडला नाही.

आम्ही सगळे ओट्यावर. नानांनी ऊस खाली ठेवला.

ज्योतीनं हात सोडला. ईश्वरी उभीच राहिली. मग चार पावलं चालली, मग जरा भरभर, हात पसरून, बदकासारखी डुलत. आणि खळ्याच्या मध्यावर धप्पकन तोंडावर पडली.

पोरं थांबली. समाधान धावत सुटला, पण वैशालीनं त्याचा शर्ट धरला. मी स्वतःही उठून उभी राहिले, फोटो डोळ्यांनी बघितलेला असूनसुद्धा. ज्योती एक पाऊल पुढे गेली आणि तिथंच थांबली. तिनं दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे घट्ट धरले. मी ओट्यावरून ते हात बघत होते, बोटं पांढरी पडली होती.

ईश्वरी उठली. गुडघा खरचटला होता. तिनं गुडघ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. रडायचं की नाही, हे ती आईच्या तोंडावरून ठरवत होती.

"काय व्हयनं?" ज्योती म्हणाली. आवाज फुटत होता, पण म्हणाली. "काही नही व्हयनं. पय, माय. पय!"

इकडे 'ळ'चा 'य' होतो, हे मला जळगावात 'केयी' ऐकून कळलंच होतं. पळ म्हणजे पय. पोरगी पळाली.

ती उरलेला सगळा दिवस पळाली. कितीदा पडली कुणी मोजलं नाही. जेवायला बोलावलं तर आली नाही, ओढून आणली तर पुन्हा पळाली. दिवेलागणीला आई तिचे पाय धुवायला बसली, तर तळवे काळेकुट्ट, बोटांच्या बेचक्यांत माती, टाचेत एक काटा. ज्योती तांब्या हातात धरून ते तळवे बघत बसली. मग तिनं तांब्या खाली ठेवला, मोबाईल काढला, आधी तळव्यांचा फोटो काढला आणि जामनेरकडे धाडून दिला.

लगेच आबांचा फोन. "पडली का?"

"पडली आबा. लई वेळा."

"रडली?"

"नाही."

"बरं." मग जरा थांबून, "मॅडमले दे." मी फोन घेतला. "मॅडम, पुढचा दात आम्ही तुमच्या बाटलीत घालू. शब्द देतो. पन तुमच्या त्या पेशी काढून झाल्या की दात आमचा वापस करा. उंदीरमामाले काय तोंड दाखवू?"

मी कबूल केलं. माझ्या नोकरीत असा करार मी कुणाशीच केलेला नाही.

आता शेवटचं सांगते. जनुकांची तपासणी झाली. आबा, समाधान आणि ईश्वरी, तिघांच्यात तोच एक बदल निघाला, ज्योतीत नाही. आबांनी नरडाण्याचं पाणी सगळ्यांसमोर पेला भरून प्यायलं, असं अक्कांनी फोनवर सांगितलं. पुढचा दात पडला तेव्हा तो खरंच गार बाटलीत बसून पुण्याला आला, आणि त्याच्या पेशी आता माझ्याकडे जिवंत आहेत. रोज सकाळी जाऊन त्यांना बघून येते. दात मी कबूल केल्याप्रमाणे कापसात गुंडाळून परत पाठवला.

परवा समाधाननं व्हिडिओ पाठवला. अंगण, शेणाचा गोळा हातात घेऊन ईश्वरी, आणि बाजूला आबा तिला सांगतायत, असा फेक, तसा फेक. ती त्यांचं काही ऐकत नाही. ती मागे मागे जाते, पार गोठ्याच्या भिंतीपर्यंत, आणि तिथनं वेण्या उडवत भरधाव पळत येते. गोळा धाब्यावर गेला की नाही ते दिसत नाही, कारण व्हिडिओ काढणारी ज्योती गोळ्याकडे बघतच नाही. ती खाली पोरीच्या पायांकडे बघते आहे.